वाऱ्याचे उजवे वळण

ज्या वर्षी पाऊस मनाजोगता होतो, त्या वर्षी भोपाळचा मोठा तलाव काठोकाठ भरतो, भदभद्याची दारे उघडतात आणि साकेत नगरातील आपली मंडळीही मुलाबाळांसह ते पाणी पाहावयास जातात. हा पाऊस आणणारे वारे नैर्ऋत्येकडूनच का येतात, असे एखाद्या मुलाने तेथे विचारले तर काय सांगावे? उत्तर पृथ्वीच्या फिरण्यात आहे. ते थोडक्यात पाहू.

प्रथम एक घरगुती प्रयोग करू. पुठ्ठ्याची गोल तबकडी मध्यभागी टाचणी लावून पाटावर अशी बसवावी, की ती सहज फिरेल. एकाने ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सावकाश फिरवावी. दुसऱ्याने पट्टी स्थिर धरून मध्यापासून कडेपर्यंत पेन्सिलीने रेघ ओढावी. तबकडी थांबविल्यावर रेघ उजवीकडे वळलेली आढळेल. वास्तविक पेन्सिल सरळच गेली होती! परंतु तबकडीवर बसलेल्या मुंगीला आपण फिरत आहोत याची जाणीव नसते. पेन्सिलीला कोणीतरी उजवीकडे ढकलले, असेच तिला वाटेल. फिरत्या जागेवरून पाहणाऱ्यास हिशेब जुळविण्यासाठी जे बल मानावे लागते, त्यास कोरिऑलिस बल म्हणतात. गास्पार कोरिऑलिस या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३५ साली त्याचे गणित मांडले.

पृथ्वी ही आपली तबकडी, आणि आपण त्या मुंगीच्या जागी. उत्तर ध्रुवाच्या वरून पाहिल्यास पृथ्वी घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. म्हणून उत्तर गोलार्धात वाहणारा वारा उजवीकडे, तर दक्षिण गोलार्धात डावीकडे वळतो. विषुववृत्तावर हे वळण नसते. ध्रुवांकडे ते वाढत जाते. लेऑं फूको यांनी १८५१ साली पॅरिसमध्ये ६७ मीटर लांब तारेच्या लंबकाने पृथ्वीचे फिरणे लोकांस दाखविले. असा लंबक दिल्लीच्या नव्या संसद भवनातही आहे. तेथे त्याच्या झोक्याची दिशा पूर्ण फेरी घेण्यास सुमारे ५० तास लागतात. आपल्या भोपाळात टांगला तर सुमारे ६१ तास लागतील, पुण्यास सुमारे ७५.

आता पावसाकडे येऊ. उन्हाळ्यात भारताची भूमी तापते, हवेचा दाब कमी होतो आणि दक्षिण गोलार्धातील वारे समुद्रावरून इकडे धाव घेतात. विषुववृत्ताच्या दक्षिणेस ते आग्नेयेकडून वाहतात. विषुववृत्त ओलांडल्यावर उजवीकडे वळतात आणि नैर्ऋत्येकडून येऊ लागतात. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र झाले, की भोवतालची हवा मध्याकडे धावते, उजवीकडे वळते आणि मध्य डाव्या हाताला ठेवून घड्याळाच्या उलट फेर धरते. असे भोवरे वायव्येच्या रोखाने सरकत मध्य प्रदेशात आले, म्हणजे भोपाळास भरघोस पाऊस मिळतो.

येथे एक गैरसमज दूर करणे आम्हांस अगत्याचे वाटते. बेसिनमधील पाणी याच बलामुळे ठरावीक दिशेने फिरते, असे पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते. ते बरोबर नव्हे. सेकंदास १० सेंटीमीटर वेगाने जाणाऱ्या पाण्यावर भोपाळात हे बल पाण्याच्या वजनाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी असते. भांड्याचा आकार आणि नळाची धार यांपुढे त्याचा टिकाव लागत नाही. १९६२ साली अमेरिकेत आशर शपिरो यांनी सहा फूट रुंद टाकीत पाणी २४ तास निश्चल ठेवले, तेव्हा कोठे ते वळण दिसले. हे बल दिसावयास दीर्घ अंतर आणि दीर्घ वेळ लागतो; शेकडो मैल वाहणाऱ्या वाऱ्याला दोन्ही मिळतात.

म्हणून पालकांस आमची विनंती, की मुलांनी विचारल्यास त्यांना बेसिनपाशी न नेता तबकडीचा प्रयोग करावयास लावावे. या बलास शास्त्रात भासमान म्हणतात. त्याच्या वळणाने आपल्या तलावात येणारे पाणी मात्र खरे आहे.