नॅनोकण प्रथिनाला चिकटतो कसा?

प्रश्न : जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले ते खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे, असे वाचले होते. अशा जीवांच्या प्रथिनावर सेमीकंडक्टरचे नॅनोकण बसवतात म्हणे. या दोघांचे जमते कसे?
– एक विद्यार्थिनी, मेहकर (जि. बुलढाणा)

उत्तर : वाचलेत ते खरे आहे. लोणारच्या त्या रंगामागे हॅलोआर्किया हे खाऱ्या पाण्यातले सूक्ष्मजीव असल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसले. या जीवांचा गुलाबी रंग मुख्यतः कॅरोटिनॉइड या रंगद्रव्यांचा. पण याच कुळातल्या काहींच्या पटलात बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन हे जांभळे प्रथिन असते. उजेड पडला की ते पेशीतले प्रोटॉन बाहेर ढकलते आणि त्यातून पेशीला ऊर्जा मिळते.

हे प्रथिन ५६८ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश सर्वांत चांगला शोषते. निळा व अतिनील प्रकाश बराचसा वाया जातो. कॅडमियम टेल्युराइड या सेमीकंडक्टरचे नॅनोकण, म्हणजे क्वांटम डॉट, नेमका तोच टिपतात. कणाचा आकार बेताचा निवडला आणि दोघांतले अंतर १० नॅनोमीटरच्या आत ठेवले, तर प्रकाश बाहेर न पडताच ऊर्जा थेट प्रथिनाकडे जाते. २०१० मध्ये प्रयोगांतून हे सिद्ध झाले. मला या विषयातले हे सर्वांत सुंदर काम वाटते.

आता चिकटण्याचे. इतक्या लहान कणात बरेचसे अणू पृष्ठभागावरच असतात. कण आणि प्रथिन यांच्यावरचे विरुद्ध विद्युतभार एकमेकांना ओढतात. प्रथिनातल्या सिस्टीन या अमिनो आम्लाचे गंधक आणि हिस्टिडीन या अमिनो आम्लाचा नायट्रोजन कणातल्या जस्त-कॅडमियमच्या अणूंना धरून ठेवतात. चिकटल्याचे कळते कसे? उदाहरणार्थ, मानवी रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनात ५८५ अमिनो आम्ले. त्यांत ट्रिप्टोफॅन एकच, २१४व्या जागी. अतिनील प्रकाशात ते मंद चमकते. झिंक ऑक्साइडचे नॅनोकण मिसळत गेले की ती चमक उतरत जाते, आणि किती उतरली यावरून बंध किती घट्ट याचा अंदाज बांधतात.

औषधासाठी रक्तात सोडलेल्या कणावर प्रथिनांचा थर लगेच चढतो. आधी मुबलक असलेली बसतात, मग घट्ट धरणारी त्यांना हटवतात. पेशीला दिसतो तो हा थर. त्यामुळे कोऱ्या कणावरच्या चाचणीतून औषधाची खात्री देणे चूक आहे.

कॅडमियम विषारी आहे, तेव्हा त्याचे प्रयोग सुसज्ज प्रयोगशाळेतच करावेत. आणि नमुन्यासाठी लोणारचे पाणी परस्पर भरून आणू नका. सरोवर अभयारण्यात आहे, २०२० पासून रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे. महाविद्यालयामार्फत वन विभागाची परवानगी घ्या.