जुन्या मोटारट्रकास स्वयंचलित गिअरपेटी

चारही चाकांस गति देणारा जुना ट्रक हातीं आला म्हणजे त्याची हातानें बदलावयाची गिअरपेटी काढून स्वयंचलित पेटी बसवावी, अशी इच्छा अनेकांस होते. या बदलानें काय साधतें व काय गमवावें लागतें, हें आपण एका उदाहरणावरून पाहूं.

अमेरिकेंत १९७२ च्या सुमारास निघालेला शेव्हरोलेट के-१० हा ट्रक घ्या. त्यांतील एसएम-४६५ या चार वेगांच्या हातपेटीच्या जागीं टर्बो हायड्रामॅटिक ३५० ही तीन वेगांची पेटी बसवितात. हातपेटी व एंजिन यांना क्लच जोडतो. स्वयंचलित पेटींत तें काम टॉर्क कन्व्हर्टरांतील तेल करतें. त्यांत पात्यांचीं तीन चक्रें असतात. एंजिनानें फिरविलेलें चक्र तेल फेंकतें, दुसरें त्या तेलाच्या माऱ्यानें फिरतें, आणि मधलें चक्र परतणाऱ्या तेलास योग्य दिशेस वळवितें. त्यामुळें गाडी जागची हलतांना एंजिनाची पीळशक्ति सुमारें दुप्पट होते.

आतां थोडें गणित करूं. हातपेटीच्या पहिल्या गिअरचें प्रमाण ६.५५, तर स्वयंचलित पेटीचें २.५२ आहे. कन्व्हर्टरची दुप्पट धरल्यास २.५२ चे ५.०४ होतात, म्हणजे चढावरील तूट बरीच भरून निघते. शिवाय खडकाळ वाटेवर क्लच सांभाळण्याचे श्रमही वांचतात.

उतारावर मात्र हा हिशेब टिकत नाहीं. तेथें चाकेंच एंजिनास फिरवितात, आणि तेलाची दुप्पट उलट दिशेनें मिळत नाहीं. एनपी-२०५ या ट्रान्सफर केसचें खालचें प्रमाण १.९६ आहे. त्यानें गुणिलें असतां हातपेटीस १२.८४ व स्वयंचलित पेटीस अवघे ४.९४ येतात. चाकांची गति तीच असतां एंजिन आतां दोन पंचमांशांहूनही कमी वेगानें फिरतें. त्याचा अटकाव घटतो व सारा भार ब्रेकवर पडतो. ब्रेक फार तापले म्हणजे त्यांची पकड ढिली होते, आणि भरल्या ट्रकास उतारावर याहून मोठें संकट नाहीं.

प्रत्यक्ष कामांत क्लच व फ्लायव्हील काढून पातळ फ्लेक्सप्लेट बसवितात. क्रँकच्या टोंकांतील लहान बुशही काढावें लागतें. ट्रान्सफर केसच्या आंत येणाऱ्या दांड्यास हातपेटीसाठीं १० खांचा असतात; नव्या पेटीस २७ खांचांचा दांडा व योग्य जोडतुकडा लागतो. पेट्यांची लांबी सारखी नसल्यानें दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट पुन्हां मोजावे. तेल थंड राखण्यास रेडिएटरपर्यंत नळ्या न्याव्या. कन्व्हर्टर पूर्ण आंत बसल्याची खात्री करावी. पेटी एंजिनास जोडल्यावर तो हातानें मोकळा फिरला पाहिजे. तसें न पाहतां बोल्ट आवळल्यास पेटींतील तेलाचा पंप फुटतो. गाडी गिअरमध्यें असतां एंजिन सुरू होऊं नये म्हणून सुरक्षा-स्विचही जोडावा.

तात्पर्य, यंत्रांतील बदल एकाच बाजूनें तोलूं नये. ज्यास डोंगराळ वाटांनीं जावयाचें आहे, त्यानें आधीं ब्रेक सुधारावे आणि मगच गिअरपेटीस हात घालावा. कारण चढ न चढणारा ट्रक जागीं थांबवितां येतो, उतारावर न थांबणारा मात्र कोणासच आवरत नाहीं.