वेब सर्व्हर सीपीयू किती खातो? आधी नीट मोजा!

आयबीएमने १९८८ साली एएस/४०० हा मिडरेंज कॉम्प्युटर बाजारात आणला. नावं बदलत गेली, आणि आज ती सिस्टिम ‘आयबीएम आय’ म्हणून पॉवर सर्व्हरवर चालते. ऑर्डर, स्टॉक, बिलिंग ही तिची रोजची कामं. त्याच मशीनवर अपाची वेब सर्व्हरसुद्धा चालतो. म्हणजे वेबने सीपीयू जास्त खाल्ला, तर बिलिंगवाला खोळंबणार! म्हणून हे मोजमाप महत्त्वाचं.

सुट्टीत मी एका कंपनीत ट्रेनिंगला गेले होते. तिथे वेब पेज फार स्लो उघडायचं. मी स्क्रीन बघून ऐटीत म्हटलं, “सर, वेब सर्व्हर तर फक्त २ टक्के घेतोय.” सर हसले. “अगं, वर एलॅप्स्ड टाइम बघ आधी.” तीन तास! म्हणजे तो आकडा तीन तासांची सरासरी होता. त्यात लंच अवरही आला. मग त्यांनी पद्धत शिकवली, ती अशी:

१) ‘वर्क विथ अ‍ॅक्टिव्ह जॉब्ज’ कमांडने क्यूएचटीटीपीएसव्हीआर ही सबसिस्टिम उघडा. एफ १० दाबून आकडे नव्याने सुरू करा. गर्दीच्या वेळी पाच मिनिटं थांबा, मग एफ ५.

२) एकाच सर्व्हरचे त्याच नावाचे अनेक जॉब दिसतात. एकच बघू नका, सगळ्यांची बेरीज करा.

३) डेटाबेस विसरू नका. प्रोग्रॅम टूलबॉक्स जेडीबीसीने डेटा मागत असेल, तर तो खर्च क्यूझेडडीएएसओआयएनआयटी या जॉबवर पडतो, आणि हे जॉब सहसा क्यूयूएसआरडब्ल्यूआरके सबसिस्टिममध्ये असतात. गेस्टने जेवायचं आणि मेसचं बिल रूममेटच्या नावावर, तसंच हे! आमचं दुखणं तिथेच सापडलं.

४) टक्क्यांपेक्षा सेकंद धरा. समजा, पाच मिनिटांत या सगळ्या जॉबचा सीपीयू टाइम मिळून ६ सेकंदांनी वाढला आणि अ‍ॅक्सेस लॉगमध्ये ३०० रिक्वेस्ट आहेत. ६ भागिले ३००, म्हणजे एका रिक्वेस्टला २० मिलिसेकंद. उद्या सेकंदाला २० रिक्वेस्ट आल्या, तर दर सेकंदाला ४०० मिलिसेकंद लागतील, म्हणजे एका प्रोसेसरचे ४० टक्के. प्रोसेसर दोन असतील, तर स्क्रीनवर २० टक्केच दिसतील. आहे की नाही सोपं?

आपल्या लॅबमधल्या लिनक्स सर्व्हरलाही हाच हिशोब लागू पडतो. तेव्हा पुढच्या वेळी “सर्व्हर स्लो आहे, नवीन घ्या” म्हणण्याआधी विचारा: किती वेळाची सरासरी, आणि कोणाकोणाची बेरीज?