पाकीट हलकं, इस्त्री कडक

कमी पैशात चांगलं कसं राहावं यावर भरपूर सल्ले मिळतात. हॉटेलिंग कमी करा, पिक्चर कमी करा, ब्रँडेड वस्तू कमी करा वगैरे. हे सल्ले ज्यांच्याकडे कमी करायला काहीतरी आहे त्यांच्यासाठी असतात. मला जे लिहायचंय ते बाकीच्यांसाठी. माझं मराठी कॉन्व्हेंटमधलं आहे, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळाने बघून घ्यावं.

आधी हिशोब. माझ्या घरून, म्हणजे सोलापूरहून, महिन्याला ९००० रुपये येतात. कॉट बेसिसचे ४२०० आणि मेसचे ३००० हे पहिल्या तारखेलाच जातात. राहिले १८००. त्यातून रिचार्ज, बसचा पास, झेरॉक्स, सबमिशनच्या फायली, साबण-शाम्पू हे सगळं गेलं की हातात ३०० रुपये उरतात. कधी ३५०. कपडे, चपला, बॅग, कोणाचा वाढदिवस, सगळं यातच. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ झाली. माझ्या वर्गातल्या तिघी-चौघी त्यामुळेच इथे दिसतात. पण फी माफ झाली तरी मेस माफ होत नाही, आणि पुण्यात खरा खर्च तिथेच आहे.

कॉन्व्हेंटमध्ये बारा वर्षं युनिफॉर्म घातला. डॉक्टरची मुलगी आणि रिक्षावाल्याची मुलगी एकाच निळ्या पिनाफोरमध्ये. सिस्टर नखं तपासायच्या, बुटांचं पॉलिश तपासायच्या, पण कपडा किती रुपयांचा हे तपासायचा प्रश्नच नव्हता. कॉलेजला आल्यावर वर्कशॉपच्या खाकी ड्रेसचा एक दिवस सोडला तर बाकी सगळे दिवस आपापले. आणि मग कळतं की कोण कुठल्या घरातून आलंय हे लोक कपड्यांवरून वाचतात. वाचू देत बापडे, असं म्हणायला सोपं आहे. समोर इंटरव्ह्यूचं पॅनेल बसलेलं असताना तसं म्हणता येत नाही.

माझ्या रूममेटचंच उदाहरण घ्या. जानेवारीत इंटर्नशिपचे इंटरव्ह्यू होते. तिच्याकडे फॉर्मल कपडे नव्हते आणि घरी मागायचे नव्हते, कारण सोयाबीनचं काय झालं ते तिला माहीत होतं. तिने गुपचूप एक वेळची मेस बंद केली. दोन वेळचे ३०००, एका वेळचे १७००, म्हणजे महिन्याला १३०० वाचतात. रात्री ती ‘भूक नाही’ म्हणायची आणि आम्ही ते खरं मानायचो. तिसऱ्या आठवड्यात लॅबमध्ये लेथजवळ उभी असताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. सुदैवाने मशीन बंद होतं.

पुण्यात शिकायला येऊन पोटाला चिमटा काढणं तसं नवीन नाही. जुन्या पुण्यात गरीब विद्यार्थी माधुकरी मागायचे, म्हणजे घरोघरी जाऊन शिजवलेलं अन्न जमा करायचे. किंवा वार लावून जेवायचे : सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. १९०९ साली सुरू झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहातली मुलंही माधुकरीवर शिकली. तेच आजचं पुणे विद्यार्थी गृह, आणि त्याच संस्थेचं आता इंजिनिअरिंग कॉलेज आहे. मला हे वाचून गंमत वाटली होती. अर्थात माधुकरी आणि वार ही सोय सगळ्या जातींच्या मुलांना नव्हती, मुलींना तर नव्हतीच, हेही लक्षात ठेवायला हवं. त्यामुळे मला कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात काढलेलं बोर्डिंग जास्त जवळचं वाटतं. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एकत्र जेवायची आणि काम करून शिकायची. आपल्या विद्यापीठाची ‘कमवा व शिका’ योजना त्याच वाटेवरची. आपल्या कॉलेजमध्येही तिचे फॉर्म निघतात, फक्त नोटीस बोर्डाच्या ज्या कोपऱ्यात लागतात तिथे कोणी बघत नाही.

तर मुद्दा असा की पोट हे बजेटमधलं शेवटचं कलम नाही, पहिलं आहे. मेसमध्ये वाचवायचंच असेल तर खाडे वापरा. घरी जाताना आधी सांगून खाडा लावला तर बऱ्याच मेसमध्ये तेवढे दिवस पुढच्या महिन्यात धरतात. नियम प्रत्येक मेसचा वेगळा, काही ठिकाणी सलग तीन दिवसांच्या खाली खाडा धरतच नाहीत. प्रवेश घेतानाच विचारा. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, तिथे निम्मा महाराष्ट्र मॅगीवर झोपतो. आम्ही चौघीपाचजणी मिळून मुगाची खिचडी टाकतो, ती मॅगीपेक्षा स्वस्त पडते आणि सोमवारी सकाळी पोट जागेवर असतं.

आता कपडे. इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण हे मला येतं. माझे आजोबा सोलापूरच्या गिरणीत साचा खात्यात होते. दुकानात गेले की ते आधी किंमत विचारायचे नाहीत. कापड दोन बोटांत चोळायचे, मग उजेडावर धरायचे. मला लहानपणी याची लाज वाटायची. आता मी अगदी तेच करते.

कपड्याची किंमत म्हणजे लेबलवरचा आकडा नव्हे. तो आकडा भागिले तो कपडा किती वेळा घातला, ही खरी किंमत. रस्त्यावर २४० रुपयांना घेतलेला टॉप बारा धुण्यांत गेला तर एका वेळेला २० रुपये पडले. ६४० रुपयांचा शिवलेला शर्ट आठवड्यातून एकदा असा दोन वर्षं टिकला, म्हणजे साधारण शंभर वेळा, तर ६ रुपये ४० पैसे. स्वस्त कुठला ते सांगायला कॅल्क्युलेटर लागत नाही. लग्नासाठी घेतलेला आणि दोनदाच घातलेला ३००० चा ड्रेस याच हिशोबाने १५०० ला पडतो. तो मैत्रिणीकडून मागून घ्या, तिला परत करताना धुऊन द्या.

मग टिकाऊ कुठला ते ओळखायचं कसं? उजेडावर धरा. आरपार स्वच्छ दिसलं, धागे कुठे दाट कुठे विरळ दिसले तर विणकर घाईत होता. शिवणीच्या दोन्ही बाजूंना धरून हलके ताणा. टाके उघडून दात दाखवू लागले की ठेवून द्या. चांगल्या शर्टाला इंचात दहा-बारा टाके असतात, नखाने मोजता येतात. टी-शर्ट असेल तर घडी घालून बघा, बाजूची शिवण सरळ खाली जाते का. आताच तिरकी असेल तर तीन धुण्यांनंतर ती पोटावर येईल. आणि कपडा उलटा करा. आत शिवणीपाशी जादा कापड सोडलेलं असतं, त्याला शिंपी ‘माया’ म्हणतात. कॉन्व्हेंटमध्ये मला हा शब्द वेगळ्या अर्थाने माहीत होता. माया असेल तर वजन वाढल्यावर कपडा उसवून सैल करता येतो. रेडिमेडमध्ये बहुतेक वेळा माया नसतेच.

‘प्युअर कॉटन’ या शब्दांवर विश्वास ठेवू नका. शिवणीतून निघालेला एक धागा घरी आणून चिमट्यात धरून पेटवा. कापूस कागदासारखा जळतो, वासही कागदाचा आणि मागे मऊ राख. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि मागे काळा कडक मणी राहतो. दुकानात काडी ओढू नका, एवढी कृपा करा. कापूस आणि पॉलिस्टर यांच्यातला फरक आपल्या भाषेत सांगायचा तर : ६५ टक्के आर्द्रतेच्या प्रमाणित हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरतो, पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के. म्हणूनच एप्रिलमध्ये पॉलिस्टरच्या शर्टात घाम अंगावरच राहतो आणि बसमध्ये शेजारचा सरकून बसतो. पण जुलैत पुण्याच्या पावसात कॉटन दोन-दोन दिवस वाळत नाही, कुबट वास येतो, आणि त्यावर सुरकुत्याही जास्त. म्हणून रोजच्या वापराला कॉटन आणि इंटरव्ह्यूला टेरिकॉट, हे माझं मत. आजोबा असते तर नाक मुरडलं असतं.

जीन्स घेताना एवढंच की दोन पुरतात. जीन्सचा निळा रंग धाग्याच्या गाभ्यापर्यंत जात नाही, वरवर बसतो, म्हणून घासला की पांढरा पडतो. उलटी करून गार पाण्यात धुवा, ब्रश मारू नका, सावलीत वाळवा.

जायचं कुठे? तुळशीबाग मुलींना सांगायला नकोच. तिथे कानातलं, ओढणी, क्लिप्स घ्या. भाव करायचा नसेल तर जाऊ नका. डेक्कनची हाँगकाँग लेन आहे. कॅम्पातलं फॅशन स्ट्रीट २६ मार्च २०२१ च्या रात्री आगीत जळालं होतं, ते पुन्हा उभं राहिलं. मुलांची गर्दी तिथे जास्त. जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, पण तो कपड्यांपेक्षा व्हर्निअर, पाने आणि ड्रिल बिटसाठी चांगला. (मेकॅनिकलवाल्यांनी आवर्जून जावं.) पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौक. मागच्या वर्षीची पुस्तकं घ्या आणि सेमिस्टर संपल्यावर विका. त्यात वाचलेल्या पैशांत माझी चप्पल निघाली. मला मात्र सगळ्यात भरवशाचं वाटतं ते लक्ष्मी रोड आणि रविवार पेठेतल्या दुकानांत कटपीस घेणं. ताग्याच्या शेवटचे दोन-अडीच मीटर उरलेले असतात, दुकानदारालाही ते काढायचेच असतात.

आणि एक शिंपी धरा. मॉल नव्हे, शिंपी. रेडिमेड साधारण मापाच्या माणसासाठी शिवलेलं असतं आणि तो माणूस आमच्या वर्गात तरी नाही. ४०-५० रुपयांत बाह्या कमी करून, कमरेत आत घेऊन जुना शर्ट नव्यासारखा बसतो. कॉलर झिजली तर ती उसवून उलटवून लावतात, शर्ट अजून वर्षभर चालतो. हे आता फार थोडे शिंपी करतात, पण पेठांत विचारलं तर सापडतात. इस्त्रीवाल्याला एका कपड्याचे १० रुपये देण्याऐवजी पँट नीट घडी घालून रात्रभर गादीखाली ठेवा. क्रीज अशी येते की विचारू नका.

आता खरी अडचण. हे सगळं गणित ज्याच्याकडे ६४० रुपये एकदम आहेत त्यालाच उपयोगी. महिन्याला ३०० उरणारा माणूस २४० चाच टॉप घेणार आणि तो पुन्हा पुन्हा घेणार. गरीब माणूस महागात पडणाऱ्या वस्तू घेतो तो अडाणी असतो म्हणून नाही, एकरकमी पैसे नसतात म्हणून. माझ्या रूममेटने जेवण बंद केलं तेही यामुळेच.

याचं उत्तर मला कुठल्याही इंग्रजी पुस्तकात मिळालं नाही, आईच्या कॉलनीत मिळालं : भिशी. आम्ही पाच जणींनी फेब्रुवारीपासून लावली आहे. प्रत्येकीचे महिन्याला ३००, जमतात १५००. बायकांच्या भिशीत चिठ्ठ्या टाकतात. आम्ही चिठ्ठ्या टाकत नाही, जिची गरज आधी तिचा नंबर आधी. इंटर्नशिपची दुसरी फेरी मार्चमध्ये होती म्हणून पहिली भिशी रूममेटची. शर्टाला दोन मीटर कापड १७० रुपये मीटरने ३४०, शिलाई ३००. पँटला सव्वा मीटर ३२० ने ४००, शिलाई ४५०. एकूण १४९०. उरलेल्या दहा रुपयांत तिने कटिंग पाजला, पाच जणींत एक. तिची रात्रीची मेस त्याच दिवशी पुन्हा सुरू केली, म्हणजे आम्हीच जाऊन नाव लिहून आलो.

भिशीचे नियम तीनच आहेत. पाच तारखेच्या आत पैसे. ज्या महिन्यात जमणार नाही त्या महिन्यात आधी सांगायचं, कारण विचारलं जाणार नाही, पुढच्या महिन्यात ६०० द्यायचे. आणि आपला नंबर घेऊन झाला की फेरी पूर्ण होईपर्यंत बाहेर पडायचं नाही. हिशोब वहीत, मोबाइलवर नाही. वही आळीपाळीने प्रत्येकीकडे.

रूममेटला त्या फेरीत इंटर्नशिप मिळाली नाही. एका प्रश्नाला अडकली, तोही थर्मोचा. कपड्यांनी नोकरी मिळते असं मी म्हणतच नाहीये. पण बाहेर आल्यावर ती तासभर फक्त त्या प्रश्नाबद्दल बोलत होती, आपण कशा दिसत होतो याबद्दल एक अक्षरही नाही. जुलैत कॅम्पस सुरू होईल तेव्हा तेच कपडे चालतील. जूनची भिशी माझी आहे, आणि मला बूट घ्यायचेत.