गरोदरपण, विषाणूचा ताप आणि रक्ततपासणीचा अर्थ

मृगाचा पाऊस सुरू झाला की रत्नागिरी जिल्ह्यात लावणीच्या कामांबरोबरच तापाचे दिवसही येतात. मंडणगडपासून राजापूरपर्यंतच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत या काळात तापाच्या रुग्णांची गर्दी वाढते. या रुग्णांत गरोदर स्त्री असेल तर तिचा विचार वेगळ्या रीतीने करावा लागतो. तिच्या रक्ताची तपासणी होते, अहवालावर आकडे छापून येतात आणि ते शेजारी दिलेल्या मर्यादेत बसले की घरची मंडळी निश्चिंत होतात. परंतु अहवालावर छापलेल्या या मर्यादा सामान्यतः गरोदर नसलेल्या स्त्रीच्या असतात. गरोदर स्त्रीच्या बाबतीत त्या जशाच्या तशा लावल्यास धोका नजरेआड होण्याचा संभव असतो. म्हणून हा विषय डॉक्टरांपुरता मर्यादित न राहता गावातील जाणत्या मंडळींनीही समजून घेणे अगत्याचे आहे.

गरोदरपणात रक्तच बदलते

गर्भाच्या पोषणासाठी मातेच्या शरीरातील रक्ताचे प्रमाण वाढते. त्यातील द्रवभाग, म्हणजे रक्तद्रव, सुमारे 40 ते 50 टक्क्यांनी वाढतो. तांबड्या पेशी मात्र त्या मानाने कमी वाढतात. परिणामी रक्त काहीसे पातळ होते व हिमोग्लोबिनचा आकडा खाली येतो. म्हणूनच गरोदरपणात सर्वसाधारणपणे 11 ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन असल्यास रक्तक्षय मानतात; इतर स्त्रियांसाठी ही मर्यादा 12 ग्रॅम आहे. पांढऱ्या पेशी याउलट वाढतात. एरवी त्या 4 ते 11 हजारांच्या दरम्यान असतात; गरोदरपणात त्या याहून अधिक असल्या तरी तेवढ्यावरून रोग आहे असे म्हणता येत नाही. रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या प्लेटलेट नावाच्या पेशी थोड्या घटतात. हे सर्व बदल निसर्गक्रमाला धरूनच आहेत.

डेंग्यूचा ताप आणि फसवे आकडे

डेंग्यूचा विषाणू या बदललेल्या रक्तावर आपला परिणाम करतो. पांढऱ्या पेशी व प्लेटलेट कमी होतात. रोग गंभीर झाल्यास रक्तवाहिन्यांतून रक्तद्रव झिरपून बाहेर जातो व रक्त दाट होते. हा दाटपणा हेमॅटोक्रिट या तपासणीत कळतो. रुग्णाच्या मूळ आकड्यापेक्षा तो 20 टक्क्यांनी वाढला तर धोक्याची सूचना समजतात.

आता एक हिशेब पाहू. एखाद्या गरोदर स्त्रीचा मूळ हेमॅटोक्रिट 33 आहे. स्त्रियांसाठी छापील मर्यादा साधारण 36 ते 46 अशी असते. म्हणजे प्रकृती ठीक असताना तिचा आकडा 'कमी' म्हणून दाखविला जाईल. डेंग्यूमध्ये तो 20 टक्क्यांनी वाढून 40 च्या घरात गेला की तोच आकडा 'योग्य' ठरेल. प्रत्यक्षात स्त्री संकटात आहे आणि कागद मात्र सर्व ठीक असल्याचे सांगत आहे. पांढऱ्या पेशींचेही तसेच. 10 हजारांवरून त्या साडेचार हजारांवर आल्या तरी छापील मर्यादेतच राहतात.

आणखी एक समजूत दूर करणे आवश्यक आहे. ताप उतरला म्हणजे धोका टळला, असे डेंग्यूत समजू नये. तापाच्या साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसांत, ताप उतरू लागतो त्याच सुमारास, रक्तद्रव झिरपण्याचा संभव अधिक असतो. त्यामुळे पहिल्या दिवशीच्या एका अहवालावर विसंबून न राहता डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा तपासणी करावी लागते. पोटात तीव्र दुखणे, वारंवार उलटी, रक्तस्राव, अतिशय थकवा किंवा बाळाची हालचाल मंदावणे यांपैकी काहीही दिसल्यास अहवालाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

सारखे दिसणारे आजार

प्लेटलेट कमी होणे व यकृताच्या तपासणीतील एस.जी.पी.टी.चा आकडा वाढणे ही लक्षणे डेंग्यूत दिसतात, तशीच ती गरोदरपणातील रक्तदाबाच्या एका गंभीर विकारातही दिसतात. दोहोंचे उपचार वेगळे आहेत. म्हणून तापाच्या गरोदर रुग्णाचा रक्तदाब मोजणे व लघवीतील प्रथिने तपासणे वगळू नये. अल्कलाइन फॉस्फटेज हा आकडा गर्भवेष्टनामुळे आपोआप वाढतो, एस.जी.पी.टी. मात्र केवळ गरोदरपणामुळे वाढत नाही. तो वाढला असल्यास कारण शोधलेच पाहिजे. दूषित पाण्यातून पसरणारी 'ई' प्रकारची कावीळ इतरांना बहुधा सौम्य असते, परंतु गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत ती प्राणघातक ठरू शकते. 2012 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजी येथे या काविळीची मोठी साथ आली होती.

कोकणातील भातखाचरांत काम करणाऱ्यांना होणारा लेप्टोस्पायरोसिस हाही आजार रक्ततपासणीत डेंग्यूसारखा दिसू शकतो. तो विषाणूचा नसून जिवाणूचा आहे व त्यावर प्रतिजैविके लागू पडतात. मात्र साथीच्या काळात वाटल्या जाणाऱ्या डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या गरोदर स्त्रीने स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

दिवस मोजून तपासणी

विषाणू ओळखण्याच्या तपासण्यांना दिवसांचे बंधन असते. डेंग्यूची एन.एस.1 तपासणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगी पडते. आय.जी.एम. ही प्रतिद्रव्ये साधारण पाचव्या दिवसानंतर सापडतात. दुसऱ्या दिवशीच आय.जी.एम. तपासून 'डेंग्यू नाही' असे म्हणणे म्हणजे पेरणीच्या दुसऱ्या दिवशी शेतात रोप शोधण्यासारखे आहे.

डेंग्यू व झिका हे एकाच कुळातील विषाणू असल्याने त्यांच्या प्रतिद्रव्यांची तपासणीत गल्लत होऊ शकते. झिका गर्भाच्या मेंदूला इजा करू शकत असल्याने हा भेद महत्त्वाचा आहे. महाराष्ट्रातील पहिला झिका रुग्ण जुलै 2021 मध्ये पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातील बेलसर गावी आढळला. 2024 च्या पावसाळ्यात पुणे शहरात आढळलेल्या रुग्णांत अनेक गरोदर स्त्रिया होत्या. अशा वेळी विषाणूचाच शोध घेणारी आर.टी.पी.सी.आर. तपासणी करावी लागते. पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था 1952 पासून विषाणूंच्या अभ्यासाचे कार्य करीत आहे.

काही विषाणूंच्या संसर्गानंतर उपदंशासाठीची व्ही.डी.आर.एल. तपासणी रोग नसतानाही तात्पुरती सदोष येऊ शकते. दुसऱ्या प्रकारच्या तपासणीने खात्री होईपर्यंत अशा अहवालावरून कुटुंबात संशयाचे वातावरण निर्माण होऊ देणे अन्यायाचे होईल. तापात रक्तातील साखरही वाढू शकते. म्हणून त्या दिवसांतील साखरेच्या आकड्यावरून निष्कर्ष काढण्यापूर्वी डॉक्टरांना तापाची कल्पना द्यावी.

गावाने काय करावे

पहिल्या तीन महिन्यांतील रक्ततपासणी ही पुढील सर्व तपासण्यांची मोजपट्टी होय. म्हणून गरोदरपणाची नोंदणी 12 आठवड्यांच्या आत व्हावी व तो अहवाल माता व बाल संरक्षण कार्डासोबत जपून ठेवावा. ताप आल्यास पहिल्या दिवसाची तारीख आशा कार्यकर्तीने वा आरोग्य सेविकेने कार्डावर लिहावी. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या 9 तारखेला होणाऱ्या तपासणीस जाताना जुने अहवाल सोबत न्यावेत. तापावर ॲस्पिरिन वा आयबुप्रोफेन घेऊ नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल घ्यावे.

ग्रामपंचायतीचे कर्तव्य याहूनही आधी सुरू होते. उन्हाळ्यात पाणीटंचाईमुळे भरून ठेवलेली पिंपे, परसातील करवंट्या, पोफळीच्या बागेत गळून पडलेल्या विरी, जुने टायर यांत साचलेल्या पाण्यात डेंग्यू व झिका पसरविणारा डास वाढतो. आठवड्यातून एक दिवस ही भांडी कोरडी करणे आणि पिण्याच्या पाण्याचे नियमित शुद्धीकरण करणे या दोन्ही गोष्टी गावाच्या हातात आहेत. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकरवी हा संदेश घरोघरी पोहोचवावा.

रक्ताचा अहवाल हा साक्षीदार आहे; पण त्याची साक्ष मागील नोंदीशी, तापाच्या दिवसाशी आणि स्त्रीच्या प्रत्यक्ष प्रकृतीशी ताडून पाहिली तरच खरी ठरते. त्यासाठी लागणारी नोंद ठेवणे हे कोणत्याही गावाला अवघड नाही, आणि वेळप्रसंगी त्या नोंदीमुळे एका मातेचे व तिच्या बाळाचे प्राण वाचू शकतात.