बीजांडकोशातील साधी गाठ : ऑपरेशन केव्हा, किती आणि नंतर काय?

सोनोग्राफीच्या कागदावर ‘ओव्हेरियन सिस्ट’ असे लिहिलेले दिसले की घरातले वातावरण एकदम बदलते. कोणी म्हणते, कॅन्सरच असणार. कोणी म्हणते, “दोन मुले झाली आहेत, आता पिशवीच काढून टाका, म्हणजे कटकट मिटेल.” हे दोन्ही निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचे असतात. असे कागद घेऊन माझ्याकडे आलेल्या बायकांपैकी पुष्कळजणींना ऑपरेशनची गरजच नव्हती. ज्यांना होती, त्यांच्यातल्या तरुण स्त्रियांचे काम फक्त गाठ काढून भागले.

आधी गाठ कुठे असते ते पाहू. गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना बदामाएवढे दोन बीजांडकोश असतात. ओव्हरी म्हणतात ते हेच. ‘पिशवी’ म्हणजे गर्भाशय, तो अवयव निराळा. दर महिन्याला बीजांडकोशात पाण्याचा एक लहानसा फुगा वाढतो, साधारण दोन सेंटीमीटरचा होऊन फुटतो आणि त्यातून स्त्रीबीज बाहेर पडते. एखाद्या महिन्यात तो फुटत नाही आणि वाढत राहतो. त्यालाही सोनोग्राफीत सिस्टच म्हणतात. पाळी चालू असलेल्या स्त्रीमधील पाच सेंटीमीटरच्या आतली, नुसते पाणी असलेली अशी गाठ दोन-तीन पाळ्यांत बहुधा आपोआप जिरते. ती जिरवण्यासाठी पूर्वी गर्भनिरोधक गोळ्या देत असत. त्यांनी ती लवकर जात नाही, हे आता दिसून आले आहे. (पीसीओडी हा प्रकार वेगळा. त्यातल्या बारीक पुटकुळ्या म्हणजे गाठी नव्हेत.)

खऱ्या गाठी मात्र जिरत नाहीत, सावकाश वाढतात. काहींत पाणी असते, काहींत चिकट बुळबुळीत द्रव असतो. या दुसऱ्या प्रकारच्या गाठी कधी कधी सारे पोट भरून टाकतात. काहींत जुने रक्त साठून ते पातळ चॉकलेटसारखे दिसते. तरुण मुलींत नेहमी आढळणारी गाठ डरमॉइडची. तिच्यात चरबी, केस, क्वचित दातही निघतात. हे पाहून करणीची शंका घेणाऱ्या आजीबाई मला भेटल्या आहेत. कारण साधे आहे. स्त्रीबीज ज्या पेशींपासून बनते, त्यांच्यात शरीराचा कोणताही भाग घडवण्याची शक्ती असते. त्यातली एखादी पेशी आपणहून वाढू लागली, की त्वचा, केस, दात तयार होतात.

या गाठी बराच काळ गप्प असतात. ओटीपोट जड वाटते, लघवीला वारंवार जावे लागते, दोन घास खाल्ले की पोट भरते, परकराची नाडी सैल बांधावी लागते. बाई म्हणते वायू झाला, आणि ओवा खाऊन दिवस काढते.

काही वर्षांपूर्वी एका आईने आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला माझ्याकडे आणले. मुलीला बाहेर बसवून ती आत आली आणि म्हणाली, “डॉक्टर, काय असेल ते आधी मला एकटीला सांगा.” मुलीचे पोट वाढले होते. गल्लीत कुजबूज सुरू झाली होती, कॉलेज दोन महिने बंद होते. मुलीची पाळी मात्र दर महिन्याला वेळेवर येत होती. हे तिला कोणी विचारलेच नव्हते. मी तिला लघवी करून येण्यास सांगितले, कारण भरलेले मूत्राशयही हाताला गाठीसारखे लागते. मग पोट तपासले. गुळगुळीत, ताणलेली गाठ बेंबीपर्यंत आलेली. तिला विचारूनच लघवीची गर्भतपासणी केली. ती नकारार्थी आली. सोनोग्राफीत उजव्या बीजांडकोशात पातळ पडद्याची, पाण्याने भरलेली मोठी गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये गाठ सोलून काढली, बीजांडकोश राखला, आणि तपासणीत गाठ साधीच ठरली. मुलगी महिनाभरात कॉलेजला गेली. गल्लीची तोंडे बंद व्हायला त्याहून जास्त दिवस लागले.

ही गफलत जुनीच आहे. अमेरिकेतील केंटकी राज्यात १८०९ साली जेन टॉड क्रॉफर्ड या बाईंच्या पोटात जुळी आहेत असा समज झाला होता. एफ्रेम मॅकडॉवेल या डॉक्टरांनी ती बीजांडकोशाची गाठ असल्याचे ओळखले. बाई घोड्यावरून सुमारे साठ मैल त्यांच्या गावी गेल्या. भुलीचे औषध तेव्हा नव्हते. त्या स्थितीत सुमारे दहा किलोची गाठ काढली गेली. पाचव्या दिवशी त्या स्वतःचे अंथरूण आवरत होत्या, आणि पुढे तीस वर्षांहून अधिक जगल्या.

आज निदान बहुतेक वेळा सोनोग्राफीनेच होते. पोटावरून करायची असेल तर पाणी पिऊन, लघवी न करता जावे. विवाहित स्त्रियांत आतून केलेली सोनोग्राफी अधिक स्पष्ट दिसते; तिला लघवी करून जावे. रिपोर्टमध्ये केवळ आकार पाहू नका. आत पडदे आहेत का, घट्ट भाग आहे का, पोटात पाणी आहे का, यावर सारे अवलंबून असते. सीए-१२५ ही रक्ततपासणी ३५ च्या वर आली की घरात रडारड होते. पण पोटाचा क्षय, फायब्रॉइड, चॉकलेटसारखी गाठ, इतकेच काय चालू पाळी, यांतही हा आकडा वाढतो. उलट पाळी गेलेल्या स्त्रीमधील गाठ, विशेषतः घट्ट भाग असलेली, कधीही हलक्यात घेऊ नये. तिला थेट मोठ्या रुग्णालयात पाठवावे हे माझे मत आहे.

एका बाबतीत मात्र थांबायला वेळ नसतो. गाठीच्या वजनाने बीजांडकोशाला पीळ पडतो. एका बाजूला अचानक असह्य कळ येते, उलट्या होतात. पोट शेकत, जुलाबाचे औषध घेत सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री सर्जनकडे पोहोचावे. पीळ वेळेवर सोडवला तर काळानिळा पडलेला बीजांडकोशही अनेकदा पूर्ववत होतो.

एरवी ऑपरेशन ठरवून करता येते. गाठ टिकून राहिली, वाढली, त्रास देऊ लागली किंवा शंकास्पद दिसली, तर ती काढावी. बहुतेक साध्या गाठी दुर्बिणीतून निघतात. फार मोठ्या किंवा संशयास्पद गाठीसाठी पोट उघडणे योग्य असते. त्यात कमीपणा नाही. संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी बाईने स्वतः विचारावे : नुसती गाठ काढणार, की बीजांडकोश, की पिशवीसुद्धा? आणि का? बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढल्याचे प्रकरण २०१९ साली गाजले आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली, हे वाचकांना आठवत असेल. एक बीजांडकोश गेला तरी दुसऱ्यावर पाळी आणि मूल दोन्ही शक्य असते. ऐन तिशीत दोन्ही गेले, तर पाळी त्याच दिवशी संपते. अंगातून वाफा येतात, पुढे हाडे ठिसूळ होतात.

ऑपरेशननंतर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी खोलीत चालायला लावतात. त्याचा कंटाळा करू नये, पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून ते असते. दुर्बिणीनंतर एक-दोन दिवस खांदा दुखतो. पोटात भरलेल्या वायूमुळे तसे होते, हृदयविकाराने नव्हे. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर बाई एक-दोन दिवसांत घरी जाते आणि दोन आठवड्यांत कामाला लागते. पोट उघडले असेल तर सहा आठवडे पाण्याची घागर, गॅसची टाकी, धान्याचे पोते उचलू नये. आपल्याकडे बाईला आठव्या दिवशी धुण्यावर बसवतात आणि जेवायला मात्र नुसती पेज देतात. नेमके उलटे करावे. वरण, भाजी, अंडी, दूध सगळे चालते. टाके पाण्याने चिघळत नाहीत, मळाने चिघळतात. ताप, टाक्यांतून पू, पोटरीला सूज किंवा वाढत जाणारी पोटदुखी असली, तर दिलेल्या तारखेची वाट पाहू नये.

गाठीच्या तपासणीचा रिपोर्ट आठ-दहा दिवसांनी येतो आणि पुष्कळदा रुग्णालयातच पडून राहतो. गाठ साधी होती हे त्या कागदावरूनच नक्की ठरते. तो आणून, सोनोग्राफीच्या कागदांसह प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा. डरमॉइड व चॉकलेटसारखी गाठ काही जणींत पुन्हा होते. सर्जनने सांगितलेल्या वेळी परत सोनोग्राफी करावी, आणि जाताना ते जुने कागद बरोबर न्यावेत.