दोन शतांश

मुलुंड पूर्व,
गुरुवार, रात्री

चि. मनूस,


पत्र बघून हसशील. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर घाटकोपरच्या पुलावर गर्दीत चालता चालता वाचून, अंगठा दाखवून मोकळी झाली असतीस. म्हणून कागद काढला. तुझ्या आईला यातलं काही सांगितलेलं नाही. तिला वाटेल, मामा पोरीला नोकरी सोडायला शिकवतोय.

परवा जेवताना तू म्हणालीस, "सकाळी उठून ऑफिसला जावंसंच वाटत नाही, मामा. मोटिव्हेशनच उरलं नाही." मामी लगेच म्हणाली, प्रवासाने दमतेस गं. मी गप्प बसलो. मुलुंड ते घाटकोपर लोकल, पुढे मरोळ नाक्यापर्यंत मेट्रो, मग शेअर रिक्षा, हे दमवणारं आहेच. पण २०१४च्या जूनमध्ये ही मेट्रो सुरू होण्याआधी याच वाटेने ३४० नंबरच्या बसला लटकत, साकीनाक्याला घामाघूम होत लोक अंधेरीला कामाला जायचे, आणि त्यातले कितीतरी जण मजेत जायचे. प्रवासाने माणूस दमतो, विटत नाही. विटण्याचं कारण निराळं असतं. माझ्यापुरतं ते मला ठाऊक आहे, पण आजवर घरात कुणाला सांगितलेलं नाही.

शास्त्री मार्गावरच्या एका कारखान्यात मी इन्स्पेक्शनला होतो, हे तू लहानपणापासून ऐकतेस. नक्की काय करत होतो, ते मात्र तू कधी विचारलं नाहीस. आम्ही ट्रकच्या किंग पिना करायचो. ट्रकचं पुढचं चाक वळतं ते या पिनेवर. ग्राइंडिंग झालं की पिना तेलकट ट्रेमधून माझ्या टेबलावर यायच्या. टेबलावर दोन रिंग गेज: एक 'गो', एक 'नो-गो'. गो रिंग पिनेवरून अलगद खाली उतरली पाहिजे, नो-गो तोंडाशीच अडली पाहिजे. नो-गो खाली गेली, तर पिन बारीक झालेली, बाजूला टाकायची. एवढंच काम, दिवसातून शेकडो वेळा. तुझ्या भाषेत महाबोअर. पण मला ते आवडायचं. रिंग अडते तेव्हा बोटांना एक बारीकसा नकार कळतो. त्या नकारासाठीच मला पगार मिळतो, असं मला वाटायचं.

एका मार्च एंडला चारशे पिनांचा लॉट आला. पहिल्याच पिनेवरून नो-गो रिंग साबण लावल्यासारखी खाली गेली. दुसरीवरून गेली, तिसरीवरून गेली. मायक्रोमीटर लावला. दोन शतांश कमी. मिलिमीटरचे दोन शतांश हं. आपल्या डोक्याचा केस सात-आठ शतांश जाड असतो, म्हणजे त्याचा पाव भाग. सुपरवायझर आला. म्हणाला, गाडी गेटवर उभी आहे, आज डिस्पॅच नाही झालं तर वरपर्यंत बोंब होईल, दोन शतांशाने कुणाचं काय बिघडतंय, कर सही. मी केली.

त्या पिनांचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. बहुधा काहीच झालं नसेल. पण एप्रिल उजाडला आणि मला सकाळी उठवेना. कारखान्याचा भोंगा घरी ऐकू यायचा, तो ऐकून पोटात खड्डा पडायचा. डॉक्टरांनी रक्त तपासलं, ताकदीच्या गोळ्या दिल्या. मामीने मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. मी पंधरा दिवस रजा टाकून गावी जाऊन आलो. परत आलो तर पहिले पाढे पंचावन्न. मला वाटलं, कामच कंटाळवाणं झालंय. काम तर तेच होतं. पण रिंग अडली काय आणि न अडली काय, सही होणारच, हे बोटांना कळून चुकलं होतं. मग मोजायचं कशाला? जे मोजून उपयोग नाही, ते मोजायला कोण उत्साहाने उठेल?

आता तुझं. तुझ्या बोलण्यात पगार, बॉस, टार्गेट सगळं आलं, पण तुझा आवाज चढला तो एकाच ठिकाणी. तू तपासतेस तो विम्याच्या क्लेमचा फॉर्म, ज्यात आडनाव भरल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. आपल्या देशात एकच नाव लावणारी माणसं कितीतरी. अशा एखाद्या म्हातारीने आडनावाच्या चौकटीत काय भरायचं? तू ही चूक तीनदा दाखवलीस आणि तिन्ही वेळा 'लो प्रायोरिटी' म्हणून त्या तक्रारीचं तिकीट बंद झालं. तिसऱ्यांदा तूही टेस्टिंगच्या शीटवर 'पास' लिहिलंस. हे तू घाईघाईत सांगितलंस आणि लगेच कोशिंबिरीला मीठ कमी आहे म्हणालीस. कोशिंबिरीला मीठ बरोबर होतं.

माझ्या दोन शतांशांची आठवण मला तिथे झाली.

तुमच्या ऑफिसात मध्ये कोणीतरी बाई येऊन 'व्हॅल्यूज'ची पत्त्यांसारखी कार्डं वाटून गेली म्हणालीस. प्रत्येकाने आपापली पाच निवडायची. तू प्रामाणिकपणा, कुटुंब, शिकणं, सर्जनशीलता आणि अजून कायसं निवडलंस. निवड वाईट नाही. पण ती कार्डं फुकट होती, तिथे गडबड आहे. आपल्या भाषेत 'मूल्य' म्हणजे किंमतही, आणि मला हे फार नेमकं वाटतं. ज्याच्यासाठी काही मोजायची तुझी तयारी आहे, ते तुझं मूल्य. बाकीची नुसती आवड. आणि ते शोधायला कार्डं लागत नाहीत. ऑफिसातून घरी येऊन चप्पल काढतानाही ज्याची चीड मनातून जात नाही, तिथे खणून बघ.

गीतेतला फळाची आशा न धरण्याचा श्लोक मी तुला ऐकवणार नाही. तो ऐकवणारे पगारवाढीचं पत्र हातात आलं की आधी टक्का बघतात, मीही बघायचो. त्यापेक्षा तुझ्या आजीची गोष्ट सांगतो.

आम्ही तेव्हा गोरेगावला चाळीत राहायचो, मी आयटीआयला होतो. १९७२ साल. महाराष्ट्रात दुष्काळ, तेल-साखर-रॉकेल सगळं महाग, आणि मिळेल तेव्हा. मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर, तारा रेड्डी या बायकांनी महागाईविरुद्ध मोर्चे काढले. एक समाजवादी, दोघी दोन वेगळ्या कम्युनिस्ट पक्षांतल्या, तरी बरोबर चालल्या. तुझी आजी उभ्या जन्मात कुठल्या सभेला गेली नव्हती. ती थाळी आणि लाटणं घेऊन गेली. संध्याकाळी घसा बसलेला, उन्हाने तोंड लाल. आल्या आल्या तिने त्याच लाटण्याने पोळ्या लाटल्या. ते लाटणं एका बाजूने चेपलं होतं, थाळीवर आपटून आपटून. पुढे कितीतरी वर्षं आमच्या पोळ्या एका कडेला जाड व्हायच्या.

लोकांना लाटणी आठवतात. मला मात्र मृणालताईंचं दुसरंच काम मोठं वाटतं. त्या मेडिकलला गेलेल्या. राष्ट्र सेवा दलाच्या ओढीने शिक्षण सोडलं. १९५८ साली पती केशव गोरे गेले तेव्हा त्या तिशीत होत्या. १९६१ला महापालिकेत निवडून आल्या आणि गोरेगावच्या वस्त्यांना पाणी मिळावं म्हणून मागे लागल्या. लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणायला लागले. आता विचार कर, मोर्चा महिन्यातून एखादा. बाकीचे दिवस काय? अर्ज, निवेदनं, हेलपाटे, कुठल्या गल्लीत पाइप आला आणि कुठल्या नाही याचा हिशेब. तुझ्या तिकिटांइतकंच कंटाळवाणं काम. पण त्या कामाला मोजायचं माप त्यांचं स्वतःचं होतं: नळाला पाणी आलं की नाही. निवडणुका जिंकल्या, हरल्या, आणीबाणीत तुरुंगात गेल्या, १९७७ला खासदार झाल्या, पुढे त्यांच्या धडपडीतून दिंडोशीला नागरी निवारा योजनेची घरं झाली. पद असो नसो, त्यांच्या हाताला काम होतंच. २०१२ साली वसईला वारल्या. गोरेगावच्या उड्डाणपुलाला आता त्यांचं नाव आहे, त्याखालून तू रिक्षाने गेलीही असशील.

त्यांनी शिक्षण सोडलं म्हणून तू नोकरी सोड, असं मी म्हणत नाही. तुमच्या घराचा हप्ता मला माहीत आहे. मीही नोकरी सोडली नव्हती. मी फक्त एक शंभर पानी वही आणली. रोज संध्याकाळी त्यात लॉट नंबर आणि रिंगेने काय सांगितलं ते लिहायचो. कारखान्याच्या रजिस्टरमध्ये काही का लागेना. सहा-सात महिन्यांनी तसाच एक लॉट पुन्हा आला, तोच सुपरवायझर, तेच बोलणं. मी म्हणालो, "साहेब, तुम्ही तुमच्या सहीने पाठवा, माझी नाही मिळणार." त्याने पाठवला नाही, रीवर्कलाही नेता येत नव्हता, भंगारात गेला. आणि मी गेलो स्टोअरला. तिथे आठ महिने नटबोल्ट मोजले, त्या वर्षीची वाढ बुडाली. तुझ्या मामेभावाची त्याच वर्षी शाळेत ॲडमिशन होती, मामीने दोन बांगड्या मोडल्या. ही किंमत मी लपवत नाही, कारण ती सांगितल्याशिवाय उपदेश करणं म्हणजे फसवणूक आहे. पण त्या आठ महिन्यांत मला एकदाही भोंग्याने पोटात खड्डा पडला नाही. स्टोअरमध्ये तर इन्स्पेक्शनहून जास्त कंटाळा होता!

अजून एक. सगळ्याच गोष्टींवर अडून बसू नकोस. आमच्याकडे एक जण चहाच्या कपावरूनही तत्त्वाची लढाई करायचा. त्याचं खरं म्हणणं असेल तेव्हाही कुणी ऐकेनासं झालं. नो-गो रिंग एकच ठेव. बाकी ठिकाणी हसून सोडून दे. आणि सहा वाजता मशीन बंद करून घरी येणं हेही कुणाचं मूल्य असू शकतं. मामीचे वडील आजारी होते तेव्हा माझं होतं. तेव्हा मी ओव्हरटाइम नाकारला, त्याचीही बोलणी खाल्ली. दोन मूल्यं एकमेकांना नडतील तेव्हा काय करायचं, ते मला अजूनही नीट सांगता येत नाही. तेव्हा फोन कर, आपण चहा पिऊन डोकं लावू.

मामी विचारते, रविवारी येतेस का? सुरळीच्या वड्या करणार आहे.

आणि ते तिकीट. चौथ्यांदा उघडलंस तर मला त्याचा नंबर कळव. माझ्या वहीत शेवटची चार पानं कोरी आहेत.

तुझा,
मामा